हातातून सुटलेला रोट

एरंडोलच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या त्या गावात मयुरी सून म्हणून आली, तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. आंघोळ केल्याशिवाय गॅसला हात लावायचा नाही, आणि मांजराला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचं नाही. पहिली गोष्ट तापीच्या जन्मानंतर आपोआप सैल झाली. दहा महिन्यांचं लेकरू कडेवर असलं की आंघोळीची वेळ ते ठरवतं, आपण नाही. दुसरीवर मात्र सासूबाई, बेबाबाई, ठाम होत्या. मांजर दिसलं की त्यांच्या हातात खराटा यायचाच.

तापी झाल्यावर त्यात तिसऱ्या नियमाची भर पडली. पोरीचे फोटो कुठे टाकायचे नाहीत. नजर लागते. यावर नवलने, म्हणजे मयुरीच्या नवऱ्याने, आईची बाजू घेतली नाही आणि बायकोचीही घेतली नाही. तो कपाशीला पाणी द्यायला निघून गेला. घरात असा काही प्रश्न निघाला की कपाशी हमखास तहानलेली असायची.

आता धुळ्यात वाढलेल्या, कॉलेजात असताना कॅन्टीनच्या वड्याचाही फोटो काढल्याशिवाय घास न घेणाऱ्या मुलीने करावं तरी काय? तिने मांजराचे फोटो काढायला सुरुवात केली.

मांजर तसं घरचंच होतं. मागच्या पडवीतल्या भुशाच्या पोत्यांमागे जन्मलेलं आणि भावंडं पांगल्यावर एकटंच मागे राहिलेलं. अंगाचा रंग करडा-काळा, मधूनच भुरा. भाजलेलं वांगं सोलून ठेवावं तसा. म्हणून मयुरीने त्या मांजरीचं नाव ठेवलं भरीत. खायच्या वस्तूचं नाव मांजराला देतात का, म्हणून बेबाबाई दोन दिवस कुरकुरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पडवीत जाऊन ‘भरीत, हट’ म्हटलं आणि नाव पक्कं झालं.

मयुरीची कॉलेजातली मैत्रीण डिंपल जळगावात राहायची. तिने फेसबुकवर एक गट काढला होता, ‘शेपटी आणि संसार’. दर गुरुवारी डिंपल एक विषय द्यायची आणि पुढच्या बुधवारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या घरातल्या जनावराचा त्यावर फोटो टाकायचा. कधी विषय ‘आळस’, कधी ‘रुसवा’, कधी ‘दोघांत एक उशी’. ज्या फोटोला जास्त बदाम मिळतील तो आठवडाभर गटाच्या माथ्यावर लागायचा. माणसं चालतील, पण तान्ह्या बाळांचे फोटो चालणार नाहीत, एवढाच एक नियम. बाळ असलं की बाकीच्या सगळ्यांचं हरणं ठरलेलं, असं डिंपलचं म्हणणं. मयुरीला हा नियम फार आवडला. सासूचा आणि मैत्रिणीचा नियम कधी नव्हे ते जुळला होता.

तापी दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. त्या चाळीस मिनिटांत केस धुवायचे, की कपड्यांच्या घड्या घालायच्या, की जरा पाठ टेकायची, हे रोजचं कोडं. मयुरी फोन घेऊन पडवीत जायची. भरीतला तापीचं झबलं घातलेला फोटो, केळीच्या पानावर पसरलेली भरीत, नवलच्या चपलेत मान घालून झोपलेली भरीत. श्रावणाच्या तोंडावर ‘गोलमटोल’ असा विषय आला, तेव्हा भरीतच्या पोटाचा फोटो पहिला आला. खाली पंधरा जणींनी विचारलं, काय खाऊ घालता हो? मयुरीने उत्तर दिलं होतं, सासूबाईंचे शिव्याशाप.

सासूबाई हे काही वाचत नाहीत, असं तिला वाटायचं. पण गुरुवारी दुपारी धान्य निवडता निवडता त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या की या बाजाराला, म्हणजे या आठवड्याला, डिंपलने काय काढलं. मयुरी विषय सांगायची. बेबाबाई ‘रिकाम्या बाया’ म्हणायच्या आणि पुन्हा सुपात बघायच्या.

या गटात बेबाबाईंची लेक सारिकाही होती. तिला चोपड्याला दिलेली. तिच्याकडे मांजर नव्हतं, कुत्रं नव्हतं. वहिनीच्या फोटोंखाली हसायला तेवढी ती यायची. गल्लीतल्या चुलत सासूबाई, भागाबाई, त्याही होत्या. मुलाने नवा फोन घेऊन दिल्यापासून भागाबाई दोन बोटांनी फोटो मोठा करून बघायला शिकल्या होत्या, आणि ती विद्या त्यांनी कुणाच्या साडीपासून कुणाच्या ओट्यावरच्या भांड्यांपर्यंत सगळीकडे वापरून झाली होती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली कुळाची देवी, बसली. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतले, दळले, आणि त्याचे जाडजूड, तळहाताएवढे रोट केले. या रोटांचं सगळं बेबाबाईंच्या हाती. कुळातल्या माणसांनीच ते खायचे, उंबऱ्याबाहेर कण जाऊ द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत ते संपवायचे. दोन वर्षांपूर्वी भागाबाईने बहिणीच्या नातवाच्या हातावर तुकडा ठेवला होता, तर बेबाबाईंनी भरल्या पंगतीत तिला सुनावलं होतं. आणि त्याच्याही आधी, लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला सारिका सातवा महिना चालू असताना आली, ताट घेऊन भावाशेजारी बसली आणि रोटाला हात घातला, तेव्हा बेबाबाईंनी ते ताट पुढून ओढून घेतलं होतं. लेक एकदा दिली की तिचं कूळ वेगळं. त्यानंतर सारिका कानबाईला कधी आली नाही. ती राखीला यायची, पौर्णिमेला. तोवर रोट संपलेले असायचे, आणि तो विषयही.

सोमवारी कानबाईला निरोप दिला, ढोलाच्या मागे नाचून घरातली माणसं दमून पडली. तापी झोपली. मयुरी सवयीने फोन घेऊन पडवीत गेली. त्या आठवड्याचा विषय होता ‘रंगेहाथ’. आणि समोर भरीत, तोंडात अर्धा रोट, कान मागे, डोळे वाटाण्याएवढे. मयुरीने फोटो काढला, वर ओळ टाकली, ‘कुळाबाहेरचा चोर रंगेहाथ पकडला’, आणि खोलीत जाऊन तापीशेजारी आडवी झाली. दिवसाचं एक काम तरी वेळेत झालं, या समाधानात तिला झोप लागली.

ती उठली तेव्हा फोटोला शंभरावर बदाम होते आणि खाली भागाबाईचं एक वाक्य होतं. ‘चोर तर दिसला. देणारा हात कोणाचा?’

मयुरीने फोटो मोठा केला. डाव्या कडेला, खांबाच्या आड, एक हात होता. मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके, चार हिरव्या बांगड्या, आणि बोटं अशी उघडी, की नुकतंच काहीतरी त्यांच्यातून खाली गेलं असावं. गावात गोंदणाचे हात पुष्कळ होते. पण चार बांगड्या आणि त्यांच्या मागे चपटी सोन्याची पाटली, असा हात एकच होता. आणि तो आत या क्षणी चहा गाळत होता.

तिने फोटो काढून टाकला. पण भागाबाईने तोवर तो साठवून कुळाच्या व्हॉट्सअॅप गटात पाठवलाही होता. सोबत शब्द काही नाहीत, नुसते हात जोडलेले.

दुसऱ्या दिवशी भागाबाई स्वतःच आली. मोठ्या काळजीने आल्यासारखी. मांजर कुळातलं की कुळाबाहेरचं, रोट बाटले की काय, पुन्हा मूठभर गहू काढायचे का, असं बरंच तिने विचारलं, आणि प्रत्येक प्रश्नाआधी ‘तुम्ही मोठ्या, तुम्हाला कळतं’ असं म्हणायला ती विसरली नाही. बेबाबाईंनी तिला चहा दिला, चिवडा दिला, आणि चिवडा संपल्यावर एवढंच म्हणाल्या:

“मी नही दिधं. हातमाईन सुटनं. खाले पडनं ते रोट नही ऱ्हास.”

भागाबाई हसली. हातातून सुटलेलं नेमकं मांजराच्या तोंडात कसं गेलं, हे विचारायची गरजच नव्हती. ते तिच्या हसण्यात होतं. जाताना तिने भरीतलाही वाकून नमस्कार केला.

मयुरीला वाटलं, आता आपली पाळी. पण बेबाबाई तिला एक अक्षर बोलल्या नाहीत. त्याचं कारण तिला दुपारी कळलं, जेव्हा तिने फोन उघडला. सारिकाने गट सोडला होता, आणि वहिनीला वेगळा निरोप लिहिला होता.

‘वहिनी, फोटो छान आला. मायला सांग, पुढच्या जन्मी मांजर होऊन येईन. या राखीला माझं येणं जमायचं नाही. दादाची राखी पोस्टाने टाकली आहे.’

राखीला येत नसल्याचं तिने सकाळी आईलाही फोन करून सांगितलं होतं. नंतर नवलने चार वेळा लावला, तिने उचलला नाही. नवल थोडा वेळ आपल्या मनगटाकडे बघत बसला, मग म्हणाला की पोस्टाने आलेली राखी बांधून घ्यायची तरी कोणाकडून, आणि पाणी सोडायला गेला. या वेळी कपाशीला पाण्याची गरज नव्हती. आदल्या दिवशीच चांगला पाऊस झाला होता.

मयुरी दूध-साखरेत रोटाचा चुरा कालवून तापीला भरवत होती. तापी आवडीने खात होती. हनुवटीवर दूध, मुठीत चुरा, आणि मध्येच ‘अ’ करून तोंड उघडणं. खातेय तोवर खाऊ दे, असं मयुरीच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरं आलं: अजून पंचवीस वर्षांनी हीसुद्धा पाहुणी म्हणून या घरी येईल. ताट ओढायला तेव्हा सासूबाई नसतील. म्हणजे ते आपल्यालाच ओढावं लागेल. तिने वाटी खाली ठेवली. तापीने लगेच ती स्वतःकडे ओढली.

“आई,” मयुरी म्हणाली, “माझ्यामुळे झालं हे. मी कडेला बघितलंच नाही.”

बेबाबाई उंबऱ्यावर बसून भरीतकडे बघत होत्या. भरीत अंगणात आडवी झाली होती, पोट बाजूला ठेवल्यासारखी.

“तुले कडेचं नही दिसनं,” त्या म्हणाल्या, “आन मधलं बी नही दिसनं. ती गाभनी शे.”

मयुरीने भरीतकडे पाहिलं. मग ‘गोलमटोल’ आठवलं. तीनशे जणींच्या गटाने, ज्यात मांजरांची वंशावळ सांगणाऱ्या बाया होत्या, त्या पोटाला पहिला नंबर दिला होता आणि एकीलाही सुचलं नव्हतं. तिला हसू आलं, पण सासूचा चेहरा बघून ते तिने गिळलं.

“पोटुशी दारशे येस, तोंडकडे देखस,” बेबाबाई म्हणाल्या. त्या भरीतशीच बोलत असाव्यात असा त्यांचा आवाज होता. “एक डाव चुकनू मी. परत कितला डाव चुकू?”

मयुरीला सारिकाच्या सातव्या महिन्याची गोष्ट आठवली. बेबाबाईंनी डबा उघडून रोट मोजले. तीन उरले होते. त्यातला एक त्यांनी फडक्यात गुंडाळून वेगळा ठेवला. नवल रात्री जेवताना उरलेल्यांतला एक मागायला लागला, तर त्यालाही अर्धाच मिळाला.

तो वेगळा रोट चोपड्याला पाठवता येत नव्हता, कारण रोट उंबरा ओलांडत नाही. बेबाबाईंना स्वतः जाऊन लेकीची समजूत काढता येत नव्हती, कारण समजूत काढायची म्हणजे चुकलं म्हणायचं, आणि ते शब्द व्याह्यांच्या ओट्यावर बसून म्हणायचे, ही बेबाबाईंच्या अंगातली गोष्ट नव्हती. फोन सारिका उचलत नव्हती. आणि पौर्णिमा सोमवारी होती. हे सगळं मयुरी दोन दिवस मनात फिरवत राहिली. गुरुवारी डिंपलचा नवा विषय आला तेव्हा तिने तो वाचलाही नाही. आता गट सोडायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी तापी झोपली आणि बेबाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती, सारिकाने गेल्या दिवाळीला दिलेली. घडीची रेघ अजून मोडलेली नव्हती.

“या बाजारले काय काढं डिंपलनी?”

मयुरीने फोन उघडून बघितला. विषय होता ‘वाट पाहताना’.

“मना फोटो काढ,” बेबाबाई म्हणाल्या.

चाळीस मिनिटांतली बारा तर बसण्यातच गेली. बेबाबाई पुढच्या उंबऱ्यावर आतल्या बाजूला बसल्या, मांडीवर ताटली, ताटलीत फडक्यातला रोट, आणि चेहरा रेशनकार्डावर असतो तसा. भरीत शेजारी यायला तयार नव्हती. आजवर त्या हातात खराटाच पाहिलेला. चोरून मिळालेलं उघड्यावर कसं मागायचं, तिला समजेना. शेवटी बेबाबाईंनीच इकडेतिकडे बघत ‘ये व माय’ म्हटलं, तेव्हा ती आली आणि मोरपंखी साडीवर अंग टाकून बसली. मयुरीने तीस फोटो काढले. तीसही फोटोंत बेबाबाई श्वास रोखून होत्या.

मग हमरस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. चोपड्याची गाडी या वेळी जाते. बेबाबाईंची मान आपोआप तिकडे वळली, एक हात मांजराच्या पाठीवर गेला, आणि मयुरीने एकतिसावा फोटो काढला.

तो बघून बेबाबाई म्हणाल्या की यात आपलं तोंडच नीट दिसत नाही. मयुरी म्हणाली, हाच चांगला आहे. बेबाबाईंनी फार ताणलं नाही. खाली काय लिहायचं ते मात्र त्यांनीच सांगितलं, आणि मयुरीने त्यांचे शब्द तसेच लिहिले: ‘एक रोट उरना शे. पौर्णिमा सोमवारले.’

गटात तो फोटो कुणाला फारसा कळला नाही. ‘आजी गोड’, ‘साडीचा रंग मस्त’, असं लोकांनी लिहिलं. भागाबाईने मोठा करून बघितला असणार, पण या वेळी ती गप्प राहिली. मयुरीने तोच फोटो सारिकाला वेगळा पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत बेबाबाईंनी सहा वेळा विचारलं की किती बदाम झाले, आणि प्रत्येक वेळी त्यांना विचारायचं दुसरंच होतं.

शनिवारी दुपारची एसटी हमरस्त्यावर थांबली. थोड्या वेळाने सारिका फाटक ढकलून आत आली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाच वर्षांची होत आलेली लेक, मेघा. स्वयंपाकघराकडे तिने पाठ केली. वहिनीला म्हणाली की एरंडोलला काम होतं म्हणून आले. शनिवारी तिथे कसलं काम असतं, ते मयुरीने विचारलं नाही. तापीला तिने उचललं, वास घेतला, आणि मग पडवीत जाऊन भरीतशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

“काय ग, तूच का ती कुळातली?” तिने भरीतला विचारलं. “सरक जरा. तुझ्या रांगेत बसायला आले मी. वरच्या पंगतीत आम्हाला घेत नाहीत.”

बेबाबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्या ताटली घेऊन आल्या, लेकीसमोर उभ्या राहिल्या, आणि फडक्यातला रोट त्यांनी हातात घेतला. मयुरी दारात होती. तिच्या कडेवर तापी आणि हातात फोन. बोलावं की आत जावं, तिला ठरवता येईना.

मग बेबाबाईंच्या हातातला रोट सुटला. सरळ सारिकाच्या ओटीत पडला.

“सुटना,” बेबाबाई म्हणाल्या. “हातले काय शक्ती राहिनी नही आते.”

सारिकाने ओटीत बघितलं. मग आईच्या हाताकडे बघितलं. तो हात अजूनही तसाच उघडा होता. तिने रोटाचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. तो मोडेना. सहा दिवसांचा रोट होता. तिने तो दातांत धरून ओढला, बराच वेळ चावला, आणि डोळे पुसत म्हणाली:

“माय, हा तर दगड आहे. यासाठी मी पाच वर्षं रडले?”

“ताजा व्हता रविवारले,” बेबाबाई म्हणाल्या. “येवानं व्हतं.”

“बोलावलं होतंस का?”

“आते बलावस. पुढला साले रविवारलेच ये. मना हात रविवारले बी सुटस.”

सारिका हसायला लागली आणि तिला ठसका लागला. मयुरी पाणी आणायला धावली. परत आली तेव्हा मायलेकी शेजारी बसल्या होत्या आणि बेबाबाई लेकीच्या पाठीवर थापट्या मारत होत्या, ठसका केव्हाच थांबला होता तरी. मेघाला आईने एक कण दिला. तिने तो चाखला, तोंड वाकडं केलं आणि भरीतपुढे ठेवला. सगळ्या कुळाने जपलेला तो घास भरीतने हुंगला आणि पाठ फिरवली. पोटुशीला आज दुसरंच काही हवं होतं.

रोट सुटला त्याच वेळी तापीने आईच्या हातातला फोन दोन्ही मुठींनी पकडला होता, आणि कुठेतरी बोट लागून त्यात एक फोटो निघाला होता. हललेला, तिरका. त्यात कुणाचाच चेहरा धड नव्हता. पण मध्यभागी एक हात होता, गोंदणाचे तीन ठिपके, चार बांगड्या, पाटली, त्याच्याखाली हवेत रोट, आणि त्याच्याही खाली पसरलेला साडीचा पदर.

मयुरीने तो सासूला दाखवला आणि म्हणाली की घाबरू नका, पुसून टाकते. बेबाबाईंनी फोन हातात घेतला. दूर धरला, जवळ धरला. मग दोन बोटं काचेवर ठेवून त्या ती लांब करायला लागल्या. हे त्या कधी शिकल्या होत्या कोण जाणे.

“टाक,” त्या म्हणाल्या. “पन असाच मोठा करीसन टाक. नही ते भागाबाईना डोया दुखतीन.”